दीपमाला आणि ओसाकाचा गोंगाट

दीपमाला भोये अंबडच्या एका कारखान्यात जपानी यंत्रांची माहिती मराठीत लिहून द्यायचं काम करते. मूळची पेठकडची. भाषा कानात बसावी म्हणून रोज जपानी गाणी ऐक, असं क्लासच्या मॅडमनी सांगितलं होतं. एका रविवारी ती मोबाइलवर एखादं गोडसं गाणं शोधत होती आणि बोट भलतीकडेच पडलं. चालू मिक्सरमध्ये चमचा राहून जावा तसा खणखणाट सुरू झाला, आणि पडद्यावर एक बाई जीव तोडून ढोल बडवत होती.

"दीपे, काय फुटलं गं?" आई, नवसाबाई, पिठाच्या हातानं धावत बाहेर आली.

"गाणं हाय, आये!"

"हे गाणं? मंग भांडण कसं असंल?"

दीपमाला हसत सुटली ती थांबेचना. गाणं संपलं तसं तिनं पुन्हा लावलं. 'चिकुवा' नावाचा ओसाकाचा हा बँड चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी तळघरांतल्या छोट्या बारमध्ये वाजवायचा आणि लोक उठून जायचे. असा गोंगाट करणारे कितीतरी बँड तेव्हा तिथं होते. त्यांच्यावर इंग्रजीत खूप लिहिलेलं तिला सापडलं, पण सगळं दुरून बघणाऱ्यांनी लिहिलेलं. जपानी माणूस म्हणजे एक गूढ प्राणी, असाच सूर.

हा सूर तिच्या ओळखीचा होता. तिचे काका बहिरू लग्नांत सांबळ वाजवतात. एकदा शहरातले एक अभ्यासक त्यांचं वादन टिपून घेऊन गेले आणि हे डोंगरदेवाला घातलेलं आर्त साकडं आहे, असं त्यांनी छापलं. दीपमालानं ते वाचून दाखवलं तेव्हा काका हसून हसून लोळले. "अगं, कातडं तापलं का नाय ते बघत होतो मी!"

म्हणूनच तिनं आता ठरवलं, या जपानी गोंगाटाचा इतिहास आपण लिहायचा, मराठीत, आणि नीट लिहायचा. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा अमित म्हणाला, "ताई, हे वाचणार कोण?" ती म्हणाली, "तू." तो बिचारा तेव्हापासून पानन् पान वाचतो.

चिकुवाच्या एका गाण्यावर तर तिनं अख्खं प्रकरण लिहिलं. त्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा येते, 'काएत्ते कोई', म्हणजे परत ये. युद्धात गेलेल्यांना घातलेली ही हाक आहे, असं तिनं मांडलं. लिहिताना तिचे डोळेसुद्धा भरून आले.

मग खूप खटपटीनं ढोलवाली बाई सापडली. सेत्सुको तिचं नाव, वय सत्तरच्या पुढं, ओसाकात कपडे धुण्याचं दुकान. व्हिडिओ कॉलवर दीपमालानं तिला ते प्रकरण जपानीत सांगितलं. ऐकता ऐकता सेत्सुकोचे खांदे हलायला लागले. दीपमालाला वाटलं, आजी रडतायत.

"अगं पोरी," सेत्सुको कशीबशी म्हणाली, "सायकल होती ती! स्टेशनबाहेरून चोरीला गेलेली!"

दीपमालाचा चेहरा पडला, आणि पुढच्याच क्षणी तिला बहिरूकाका आठवले. ती खुर्चीतून घसरून फरशीवरच बसली. तिकडं सेत्सुको वॉशिंग मशीनला टेकून हसत होती, इकडं ही.

"पण तुमच्याकडं हे ऐकतं कोण?" हसू ओसरल्यावर सेत्सुकोनं विचारलं. "लिहितेस त्यांच्यासाठी, तर त्यांना ऐकव की."

संधी मे महिन्यात आली. चुलतबहीण पल्लवीची हळद होती, भर दुपारी, आणि डीजेवाल्याचा पेन ड्राइव्हच चालेना. मांडव सुस्तावला. दीपमालानं आपला मोबाइल जोडून ते सायकलचं गाणं लावलं. पहिला खणखणाट होताच कोंबड्या पळाल्या आणि माणसं दचकली. बहिरूकाकांनी मात्र कान टवकारले. "ही बाई बेताल नाय, लय खोडकर हाय," असं म्हणून त्यांनी सांबळ उचललं. मग काय! बायकांनी फेर धरला. 'काएत्ते कोई' त्यांना ऐकू आलं 'खाते कोय', आणि आंब्याच्या दिवसांत याहून सोपे शब्द कुठले? नवसाबाई हळदीच्या हातांनी सगळ्यांत पुढं: "नवरी आमची खाते कोय!"

दीपमालानं हळदीला आलेल्या अमितच्या मोबाइलवरून सेत्सुकोला व्हिडिओ कॉल लावला. म्हातारी डोळे फाडून बघत राहिली. "आमच्या कार्यक्रमाला एवढी माणसं कधीच नव्हती," ती म्हणाली, आणि दुकानातल्या टबावर हातांनी ठेका धरला. गिऱ्हाइकं तिच्याकडं बघत उभी.

त्या कॉलचा टिपून ठेवलेला व्हिडिओ सेत्सुकोनं बँडच्या जुन्या गायकाला पाठवला. दोघं कितीक वर्षं बोलत नव्हते. त्यानं लगेच फोन केला आणि आधी टबावरचा ठेका चुकल्याबद्दल तिला झापलं.

आता दर रविवारी दोघं दीपमालासोबत एकाच कॉलवर येतात. बँड कुणी मोडला यावरून कडाक्याचं भांडतात. ओसाकाकडच्या खास शिव्या दीपमालाला तिथंच कळल्या. ती मध्ये पडत नाही. दोघांचंही लिहून घेते, दोन्ही बाजू पुस्तकात शेजारीशेजारी छापणार म्हणते, आणि हसू दाबण्यासाठी ओढणीचा बोळा तोंडात धरून बसते.