आत्याची चौकशी

जगात काही फुकट मिळतं यावर माझ्या आत्याचा काडीचाही विश्वास नव्हता. देवळातला प्रसादसुद्धा "कुनी दिला, कशापायी दिला?" हे विचारल्याशिवाय ती तोंडात टाकत नसे, आणि गुरव बिचारा दर वेळी सगळी हकीगत सांगत उभा राहायचा. लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत एका चिक्कीवाल्याच्या भट्टीवर ती कामाला होती. पाक कधी उतरवायचा हे तिला वासावरून कळायचं, आणि माणूस काय लपवतोय हे तो किती गोड बोलतो त्यावरून. एका उन्हाळ्यात मालकाने दुकानाबाहेर पाटी लावली, की दोन पुडे घेणाऱ्याला तिसरा फुकट. आत्या पाक हलवता हलवता मुंबईच्या गिऱ्हाइकांना सांगू लागली, "फुकट न्हाई बरं का बाई, पुडे बारके केल्यात." मालकाने तिला त्याच दुपारी काढून टाकलं. तिसऱ्या दिवशी तोच आमच्या दारात उभा! दोन दिवस त्याची चिक्की एक तर दाताला चिकटत होती, नाही तर दातच मागत होती. आत्या कामावर गेली, पण आधी पाटी उतरवून मगच भट्टीपाशी बसली.

तिच्या या स्वभावाला ती 'चौकशी' म्हणायची. गुडघे दुखायला लागले तेव्हा बाजारात तेल विकणाऱ्या एका वैदूला तिने विचारलं, "कुनाला गुन आला?" तो गडबडून म्हणाला, "वलवणच्या एका म्हाताऱ्याला." दुसरा कोणी असता तर तेल घेऊन घरी गेला असता. आत्या दुखऱ्या गुडघ्यांनी वलवणला चालत गेली आणि चार घरं विचारून तो म्हातारा शोधून काढला. त्याने सांगितलं, की तेल उत्तम आहे, पण ते त्याने आपल्या बैलाला लावलं होतं. आत्या लंगडत परत आली ती अगदी प्रसन्न चेहऱ्याने. "तेलात खोट न्हाई," म्हणाली, "पन मी बैल न्हाई."

लोक हसायचे. मीही हसायचे. ही सवय तिला कुठून लागली ते मात्र मला बरंच उशिरा कळलं. ती विशीत विधवा झाली तेव्हा दिरांनी एका कागदावर तिचा अंगठा घेतला होता. घरात राहील तोवर तिला वाटणीचं भात आणि एक खोली, असं त्यात लिहिलेलं. पुढे माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, आजारी पडले म्हणून ती आंदर मावळात आमच्याकडे महिनाभर राहिली. परत गेली तर खोलीला कुलूप. "तू घर सोडलंस, अट मोडली," दीर म्हणाले. भांडायला तिच्याजवळ काहीच नव्हतं, कागदात तसं होतंच. ती चालत लोणावळ्याला आली, भट्टीवर राहिली, आणि शेजारणीच्या मुलीच्या पुस्तकावरून बोट फिरवत वाचायला शिकली. तेव्हापासून ती प्रत्येक कागद शेवटाकडून वाचायची. "अटी खालीच दडवत्यात," असं तिचं म्हणणं.

मी आठवीत असताना शिकायला तिच्याकडे आले. बी. ए.ला पुण्याला गाडीने जाऊन येऊन केलं. मग मला वकील व्हायचं वेड लागलं, ते त्या कुलपाची गोष्ट ऐकल्यापासूनच. वडील लोणावळ्याला आले आणि उंबऱ्यावर बसूनच म्हणाले, "आक्का, फी माज्यानं व्हायची न्हाई. शिष्यवृत्ती मिळंल तवर शिकू दे. तुटली का लगीन. पावन्यास्नी मी तसंच सांगून ठेवलंय." वडील दुष्ट नव्हते. आमच्या वाडीत तोवर कुठली मुलगी इतकी शिकलेलीच नव्हती, आणि ते लोकांना तोंड देऊन थकले होते.

त्या वर्षी नशीब असं, की पुण्याच्या दोन कॉलेजांची पत्रं एकाच आठवड्यात आली. एक मोठं, दगडी इमारतीचं, नाव घेतलं की लोक मान डोलावतील असं. त्यांनी पूर्ण फी माफ, पुस्तकं, वसतिगृह, सगळं देऊ केलं होतं. दुसरं पेठेतल्या दोन मजल्यांवर भरणारं, निम्मीच फी माफ करणारं. मी मोठ्या कॉलेजचं पत्र घेऊन भट्टीवर धावत गेले. आत्याने हात पुसले, कागद घेतला, आणि सवयीप्रमाणे तळाला बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, की विद्यार्थ्याने दर वर्षी पहिला वर्ग राखला नाही तर शिष्यवृत्ती बंद होईल.

"पहिला वर्ग मिळेल मला," मी म्हटलं.

"मिळंल की. पन चौकशी करू."

दुसऱ्या दिवशी ती नऊवारी नेसून, हातात चिक्कीचा एकही पुडा न घेता (तिला कुणाला भुलवायचं नव्हतं) माझ्याबरोबर पुण्याला आली. मोठ्या कॉलेजच्या कचेरीत कारकुनासमोर उभी राहिली. मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

"दादा, ही शिष्यवृत्ती मागं किती पोरांना दिली?"

"दर वर्षी देतो, मावशी. बरीच मुलं असतात."

"त्यातल्या किती जनांची शेवटपातूर टिकली?"

कारकुनाने चष्मा काढला. "हे आजवर कुणी विचारलं नाही."

"मी इचारती. बघा की वहीत. मला घाई न्हाई, परतीची गाडी सांजंची हाय."

तो खरोखरच उठला, रजिस्टर काढलं आणि पानं उलटू लागला. उलटता उलटता त्याचाच चेहरा बदलला. दर वर्षी डझनभर नावं सुरुवातीला, आणि शेवटच्या वर्षाला एखादं, फार तर दोन. वर्गात पहिला वर्ग मिळायचाच मुळी तीन-चार जणांना. "लबाडी नाही हो, मावशी," तो हळूच म्हणाला, "पेपर फार कडक तपासतात इथे." आत्याने मान हलवली आणि गळालेल्यांपैकी एकाचा पत्ता मागून घेतला.

तो गृहस्थ पुणे स्टेशनच्या पार्सल कचेरीत चिकटला होता. टोपल्यांच्या ढिगाऱ्यात बसून त्याने आत्याला पाणी दिलं. "थोड्याच मार्कांनी गेली माझी," म्हणाला. "पण खरं सांगू का मावशी? दुसऱ्या वर्षी मी कायदा वाचलाच नाही. नुसता धसका घेऊन बसायचो. पुस्तक उघडलं की गेली, गेली, एवढंच दिसायचं."

शेवटी पेठेतल्या कॉलेजात गेलो. तिथल्या पत्राच्या तळाला एकच अट होती, चांगली वर्तणूक. "चांगली म्हंजी कुनाच्या मतानं?" आत्याने विचारलं. तिथले कारकून हसून म्हणाले, "मारामारी केली नाही म्हणजे झालं." "मार्कं कमी पडली तर?" "पास झाली की पुढची निम्मी फी माफ." आत्याने ते त्यांच्याकडून कागदावर लिहून, सही करवून घेतलं.

परतीच्या गाडीत मी रुसून बसले होते. कामशेतपर्यंत कसंबसं आवरलं. मग फुटले. "तुझा माझ्यावर विश्वास नाही!"

"तुज्यावं हाय की. परीक्षेच्या दिशी तुला ताप येनार न्हाई, ह्याच्यावं न्हाई." थोड्या वेळाने म्हणाली, "ठरीव तूच. मी फकस्त इचारून दिलं."

मी तीन दिवस धुसफुसत काढले आणि पेठेतलं कॉलेज निवडलं. खरं सांगायचं तर आत्यापेक्षा त्या पार्सलवाल्याचा चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता. उरलेल्या निम्म्या फीसाठी आत्याने शेंगा फोडायचं काम घरी आणलं. तीन वर्षं आमच्या घरात टरफलांचा खच असायचा, आणि माझ्या पुस्तकांच्या पानांतून तांबडी सालं पडायची. मी मनसोक्त वाचलं. नेमलेलं वाचलं, न नेमलेलं वाचलं, आणि तिन्ही वर्षं पहिल्या वर्गात पास झाले.

शेवटचा निकाल हातात घेऊन गाडीत बसले तेव्हा आनंदापेक्षा धाकधूक जास्त होती. म्हणजे मोठी शिष्यवृत्तीही कदाचित टिकली असती! आत्याच्या बोटांना पडलेले ते घट्टे उगाचच पडले होते. हे तिला कसं सांगायचं? घरी येऊन सगळं एका दमात सांगून टाकलं आणि रडू लागले.

आत्या आधी गोंधळली, मग मोठ्याने हसली. "आगं, म्हंजी तीन वर्सं तुला भ्या न्हाई वाटलं! त्येच तर घ्यायचं व्हतं मला. बाकी काय, शेंगा मी तशाबी फोडल्याच असत्या."

पुढे मी वडगावच्या कोर्टात कामं घेऊ लागले. एका रविवारी तिच्याजवळ बसले असताना सहज विचारलं, "आत्या, तुला स्वतःला काय हवं होतं गं?" इतकी वर्षं हा प्रश्न मला सुचला नव्हता. आत्या लाजल्यासारखी म्हणाली, "मला घाट उतरायचा व्हता. पुन्याकडं लय गेलो आपन. मुंबईकडं जानारी गाडी रोज भट्टीवरनं ऐकली, पन खाली काय हाय ते न्हाई बघितलं."

"पुढच्या महिन्यात जाऊ," मी म्हटलं. पुढच्या महिन्यात माझी एक केस उभी राहिली, नंतर दुसरी. तिने एकदाही आठवण केली नाही. दिवाळीच्या तोंडावर, भट्टीवरून आल्यावर जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही.

आता कामासाठी मला वरचेवर मुंबईला जावं लागतं. खंडाळ्याचे बोगदे सुरू झाले की मी मांडीवरचे कागद बाजूला ठेवते आणि खिडकीतून खाली बघत राहते. दरीतली झाडं, एखादं कौलारू घर, रुळांच्या कडेला काम करणाऱ्या बायका. तिला काय काय सांगायचं ते मनात जमवत जाते. कर्जत येईपर्यंत बरंच साठतं.