भोंग्यावरचं नाव

मला एका जागी बसवत नाही. सासू म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. अशी बाई महिलांच्या राखीव जागेवरून ग्रामपंचायतीत निवडून आली, म्हणजे गावानं आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. पहिल्याच बैठकीत आम्हा बायकांना आधी चहा दिला आणि मग सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. सरपंच बाईच, पण बोलायचे तिचे मालक. मी विचारलं, "भाऊ, निवडून तुम्ही आले का वैनी?" तेव्हापासून ते माझ्याशी मोजकंच बोलतात.

आमचं गाव अमडापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत. मार खाऊन घराबाहेर पडलेली बाई सगळ्यांत आधी कुठे अडते, हे मी याच गावात पाहिलं. ती कायद्यापाशी अडत नाही, गाडीभाड्यापाशी अडते. बुलढाण्याला संरक्षण अधिकारी आहे, कोर्ट आहे, सगळं आहे. पण तिथवर जायचं कशानं, आणि पहिले दोन-चार दिवस अंग टाकायचं कुठे? मग ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी येते, पिंपळाच्या पारावर बसते, आणि संध्याकाळी कुणीतरी समजूत घालून तिला परत नेऊन सोडतं. हे बघून बघून माझं डोकं फिरायचं.

तेव्हा मी मागणी केली की पंचायतीनं यासाठी एक निधी करावा, आणि तो लग्नांतून गोळा करावा. लग्नाच्या दाखल्यावर फी वाढवा म्हटलं, तर ग्रामसेवक म्हणाले, "ताई, दाखल्याची फी सरकार ठरवतं, तिला हात लावता येणार नाही. पण सभागृहाचं भाडं आपलं, रस्त्यात मांडव टाकायची फी आपली. तिथं वाढवू शकतो." ग्रामसेवक बाहेरगावचे, पापभीरू माणूस. दर वाक्याला त्यांना ऑडिट आठवायचं. पण वाट त्यांनीच दाखवली.

ग्रामसभेत हसण्याचा नुसता पूर आला. एक जण म्हणाला, "म्हंजे पोरगं बोहल्यावर उभं, अन् तुम्ही आताच माराचे पैसे कापता काय? अपशकुन हाय हा!" दुसरा म्हणाला, "आधी मारू तर द्या!" बायका पदराआड हसल्या, मी मात्र पेटले होते. तेवढ्यात मागून बांगडीवाले चाचा उठले. त्यांच्या घरचे निकाहसुद्धा त्याच सभागृहात लागतात. ते म्हणाले, "काहे का अपशकुन, भाऊ? नवी गाडी घेतली का पहिले इन्शुरन्स काढता ना? मंग गाडी ठोकासाठीच घेता काय बे?" सभा पुन्हा हसली, पण या वेळी आमच्या बाजूनं. ठराव झाला.

झाला, पण शेपूट लावून. आमच्या गावाची एक खोड आहे, आणि गावाला तिचा अभिमान आहे. मागे कधीतरी रस्त्यावरच्या दिव्यांचे पैसे दिवे न लागताच संपले होते. तेव्हापासून पंचायतीतून कुणाला एक रुपया गेला तरी त्याच दिवशी संध्याकाळी शिपाई भोंग्यावर सांगतो: नाव, रक्कम, कारण. घरकुलाचा हप्ता असो की शौचालयाचं अनुदान, सगळं भोंग्यावर. म्हणून या ठरावातही ते आलं. मी ओरडून सांगितलं की हे घरकुल नव्हे, यात बाईचं नाव वाजवता येणार नाही. उत्तर मिळालं, "ताई, नाव लपवाचं म्हंजे पैसे खायाचेच ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

जुन्या अंगणवाडीची खोली आम्ही साफ केली, आत खाट ठेवली, दाराला आतून कडी लावून घेतली. लग्नाचा हंगाम आला, निधीत पैसे पडत गेले, आणि एकही बाई आली नाही. पंचायतीसमोरून जाताना पुरुषमंडळी मला चिडवायची. "पाहा ताई, आपल्या गावात कोणी मारतच नाई. तो पैसा मोठ्या लाइटले द्या, चौकात उजेड तरी पडन." मी दिवसातून दहादा त्या खोलीकडे फिरून यायची. खाटेवर धूळ बसलेली पाहिली की माझाच जीव गुदमरायचा.

त्याच हंगामात आमच्या गल्लीत एक नवी सून आली. लग्न मुलाच्या गावात आणि खर्च मुलीच्या बापाचा, असं ठरलं होतं, म्हणून सभागृहाची फी तिच्या वडलांनीच भरली होती. पोरगी हसरी, नळावर आली की बायका थांबून तिच्याशी बोलायच्या. पावसाळा संपेपर्यंत ती हसायची थांबली. नंतर नळावर यायची तीही सगळ्यांच्या शेवटी. तिचा नवरा मालवाहू पिकअप चालवायचा, आणि ज्या दिवशी तो घरी असायचा त्या दिवशी त्यांच्या घरात टीव्हीचा आवाज मोठा असायचा. आवाज कशासाठी वाढवतात ते गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं. गल्ली आपापले टीव्ही लावायची.

एके सकाळी ती माझ्या मागच्या दारात उभी राहिली. एक कान झाकून घेतलेला, डोळे सुजलेले. म्हणाली, "काकू, मले जायाचं हाय. मेहकरले मावशी हाय माही, ते ठेवून घेते म्हणे. पन भोंग्यावर नाव नोका देऊ."

मी म्हटलं, "भोंगा मरो. पैसे मी देतो, माह्या घरचे."

ती मान हलवू लागली. "तुमचे घेतले तर तो तुमच्या दारात येईन काकू, म्हणन तुम्हीच पळवली. अन् ते पैसे माह्या बापानं भरले नाई काय लग्नात? तेच मले पाहिजे. ते गाडीभाडं, पंचायतीची चिठ्ठी बुलढाण्यासाठी. पन नाव वाजलं का रातीच तो मावशीच्या दारात उभा राहीन. अन् माह्या लहान बहिणीले पाहासाठी पाव्हणे येऊन राह्यले पुढच्या आठवड्यात."

तिचं सगळं खरं होतं, आणि त्याचाच मला राग येत होता. तिला मागच्या खोलीत बसवून मी पंचायतीत गेले. ग्रामसेवकांना म्हटलं, आज नाव वाजवू नका. त्यांनी ठरावाचं रजिस्टर पुढे ओढलं. "ताई, ठरावात लिहिलंय. नाव नाही तर खर्च नाही. उद्या कुणी तक्रार केली तर मी जातो घरी." मी कार्यालयात दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत राहिले. शिपाई मला म्हणाला, ताई, बसा, मलेच चक्कर येऊन राह्यली. आणि चालता चालताच मला सुचलं. नाव पाहिजे ना तुम्हाला? मग माझं घ्या.

पण माझं नाव म्हणजे नुसतं माझं नव्हे. माझा नवरा पिठाची गिरणी चालवतो. भुवयांवर पीठ, आवाज असा की गिरणी चालू असताना त्याचे ओठच फक्त हललेले दिसतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यानं माझ्यावर हात उगारणं सोडा, कधी ताटही आपटलं नाही. आपटाआपटी सगळी माझ्याकडे. मी गिरणीत गेले आणि त्याला सांगितलं. त्यानं गिरणी बंद केली.

"म्हंजे संध्याकाळी गाव आयकन का म्या तुले मारलं."

"हाव."

त्यानं गिरणीच्या पट्ट्यावरचं पीठ झटकलं. "उद्या दळण कोण आणन माह्याकडं? बाया तर पायरी नाई चढाच्या." मग म्हणाला, "पोरगी जाईन ना पन नक्की?"

"जाईन."

"मंग लाव नाव," तो म्हणाला आणि गिरणी चालू केली. मला रडू आलं, ते गिरणीच्या आवाजात बुडालं ते बरं झालं.

ग्रामसेवकांनी माझं नाव लिहिताना माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. त्यांनी बुलढाण्याच्या संरक्षण अधिकाऱ्याला पंचायतीची चिठ्ठी लिहिली आणि तिच्यावरची नावाची जागा मोकळी ठेवून माझ्या हातात दिली. बाजाराचा दिवस होता, अर्धं गाव अमडापूरला गेलेलं. ऑटो उलट्या बाजूनं, शेतातल्या रस्त्यानं काढला. पोरगी आत बसली, तिनं माझा हात असा धरला की बांगडी रुतली. ती मेहकरला पोचल्याचा मावशीचा फोन येईपर्यंत मी अंगण तीनदा झाडलं.

दिवेलागणीला भोंगा वाजला. माझं नाव, मध्ये नवऱ्याचं नाव, शेवटी आडनाव. कारण, घरगुती मारहाण. शिपायाचा आवाज जरा अडखळला, पण त्यानं सांगितलं. मी ओट्यावर उभी राहिले. म्हटलं, आता येईल कुणीतरी. शेजारीण येईल, विचारेल तरी की बाई, कुठं लागलं? तिच्या दारातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. दुसऱ्या दिवशी नळावर एकीनं विचारलं, पण किती मिळाले ते. दुसरी म्हणाली, घर म्हटलं का भांड्याला भांडं लागतेच.

आणि नवरा? तो भीतभीत गिरणी उघडायला गेला. दळण रोजच्याइतकंच आलं. बाया पायरी चढल्या, डबे ठेवले, जाड काढा की बारीक ते सांगितलं आणि गेल्या. हॉटेलात त्याच्या चहाचे पैसे कुणीतरी परस्पर दिले. एकानं तर पाठीवर थाप मारली. संध्याकाळी तो घरी आला तो जेवेना. माझ्यासारखा घरभर फिरायला लागला, ज्याला मी कधी झपझप चालताना पाहिलं नव्हतं तो.

"मले वाटलं, कोणी तरी थुंकन माह्यावर," तो म्हणाला. "एकही माणूस काई बोलला नाई. थाप मारली मले. थाप!"

तोवर पोरगी बुलढाण्याला जाऊन अर्ज देऊन आली होती. तिच्या सासरच्यांना वाटत होतं ती माहेरी रुसून गेली, नोटीस आली तेव्हा त्यांना खरं कळलं. त्या नोटिशीचा आणि भोंग्याचा संबंध कुणी लावला नाही. निम्म्या गावाला आजही वाटतं की माझा नवरा मला मारतो. माझ्या अंगाची लाही होते, पण मी गप्प बसते.

पुढच्या ग्रामसभेत मोठ्या लाइटचा विषय निघाला नाही, कारण निधी वापरात आला होता. मी नाव वाजवण्याच्या अटीवर बोलायला उठणार, तेवढ्यात मागे खुर्ची सरकली. माझा नवरा उभा होता. तो ग्रामसभेत कधी बोललेला नव्हता. सगळे वळून पाहू लागले.

"माह्यं नाव वाजलं मागं," तो म्हणाला. "पन ते तिच्या नावात, पत्त्यासारखं. मार तिनं खाल्ला, अन् भोंग्यावर नाव तिचंच. माह्यं म्हणणं, नाव वाजवाचंच हाय तर मारणाऱ्याचं वाजवा. अमक्याच्या अमक्यानं बायकोले मारलं, म्हणून पंचायतीले एवढा खर्च आला, असं. रोज वाजवा. हिशेब चोख पाहिजे ना आपल्याले?"

हसायला कुणी तयार नव्हतं. सरपंचांचे मालक खिडकीबाहेर बघत होते. मग समोरून कुणीतरी घाईघाईनं म्हणालं, "काऊन उगंच घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर? या निधीत नावं नकोतच कोणाची." ग्रामसेवकांनी विचारलं, मंजूर असेल त्यांनी हात वर करा. आमच्या गावात हात वर करायला माणसं आधी शेजाऱ्याकडे बघतात. त्या दिवशी कुणी कुणाकडे बघितलं नाही. सगळ्यांत आधी हात वर गेला तो त्या पोरीच्या सासऱ्याचा.