मागचा टायर

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. विलासला तर नाहीच – आणि सांगायला हवं होतं ते त्यालाच. तुम्हाला सांगतोय, कारण तुमच्यासमोर उद्या सकाळी मला उभं राहायचं नाही. म्हणजे इथेही मी सोपी वाटच धरली म्हणा ना.

मी जानेफळचा. मेहकरला एका पतसंस्थेत कारकून आहे. विलास माझ्याच गल्लीतला, माझ्याच वयाचा. तोही मेहकरलाच कामाला होता, एका कृषी केंद्रात. बियाण्याच्या पिशव्या, खताची पोती – उतरवायची, चढवायची, गिऱ्हाईक बघायचं. गाडी त्याची. शंभर सीसीची, काळी, टाकीला एका बाजूने पोचा आलेला. सकाळी तो माझ्या दारासमोर थांबायचा. हॉर्न नाही, हाक नाही – नुसता एकदा ॲक्सिलेटर पिळायचा, की मी डबा घेऊन बाहेर. संध्याकाळी तसंच परत. कित्येक वर्षं असं चाललं. एसटीचा पास मी काढलाच नाही.

पेट्रोल निम्मं-निम्मं. एकदा तो टाकणार, एकदा मी. त्या निम्म्यावर मी फार खूश असायचो. आपण कुणाचं फुकट खात नाही, असं वाटायचं. पण गाडी काय नुसतं पेट्रोल पिते? ऑइल बदलणं, चेन, ब्रेक, ट्यूब – ते सगळं तो करून घ्यायचा आणि बोलायचा नाही. मी विचारायचो नाही. विचारलं तर द्यावे लागतील, असं तेव्हा मनात आलं होतं का? आठवत नाही. विचारलं नाही, एवढं मात्र आठवतं.

मग मीटरने पन्नास हजार ओलांडले. गाडी धूर टाकायला लागली, चढावर दम तोडायला लागली. एका संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्रीने गाडी स्टँडवर घेतली, मागचं चाक फिरवलं, चेन ओढून पाहिली आणि म्हणाला, आता वरवरचं भागणार नाही. इंजिन खोलावं लागेल. पिस्टन, क्लच प्लेटा, चेन, आणि मागचा टायर. टायरवरची नक्षी पार गेली होती, हात फिरवला तर गुळगुळीत. मिस्त्री माझ्याकडे बघून हसला.

"मांगचा टायर मांगच्यानंच खाल्ला, भाऊ."

आम्ही तिघंही हसलो. सगळं मिळून साडेनऊ हजारांचं काम होतं.

विलासने मला कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. परत येताना, गाडी चालवत, पुढे रस्त्याकडे बघत – माझ्या तोंडाकडे बघावं लागू नये म्हणूनच बहुतेक.

"संज्या, अर्धे तू देशीन काय बे? बसतो तर दोघं."

"हाव, देतो ना. त्यात काय विचारतं?"

असं मी म्हणालो, आणि तेव्हा मनापासून म्हणालो. खोटं नंतर आलं.

घरी पैसे होते. त्याच महिन्यात माझी भिशी लागली होती. वीस हजार रुपये कपाटात, साड्यांच्या खाली. काही अडलेलं नव्हतं. घरात दुखणं नव्हतं, लग्न नव्हतं. पण रात्रीच्या जेवणापर्यंत माझं डोकं चालायला लागलं. गाडी कुणाच्या नावावर? त्याच्या. उद्या विकली तर मला अर्धे मिळणार का? एसटीने गेलो असतो तर महामंडळाने माझ्याकडे टायरचे पैसे मागितले असते का? बघा, किती बिनतोड. दोन दिवसांत मला त्याचा रागसुद्धा यायला लागला – मागितलेच कसे याने, म्हणून.

माझे सासरे लोणारला असतात. त्यांना मोतीबिंदू होता हे खरं. ऑपरेशन ठरलं होतं हे खोटं. मी विलासला सांगितलं, पैसे तिकडे गेले, आता लगेच जमत नाही.

"अरे, डोळ्याचं पह्यले कर," तो म्हणाला. "गाडीचं होत राह्यते."

त्याने एका शब्दाने शंका घेतली असती तर मी कदाचित कबूल झालो असतो. पण तो दर दोन-तीन दिवसांनी चौकशी करायचा. सासऱ्याले दिसते का आता? थेंब टाकतात ना वेळेवर? मग मला थेंब टाकावे लागले, काळा चष्मा द्यावा लागला, पट्टी काढावी लागली. सासरे तिकडे धुरकट डोळ्यांनी वावरत होते आणि इथे मी त्यांना बरं करत होतो.

विलासने झेपलं तेवढं काम करून घेतलं. इंजिन झालं, क्लच झाला, चेन झाली. टायर राहिला. दिवाळीला मालक काही देतात, तेव्हा बघू म्हणाला. तोवर हळू चालवू.

इथपर्यंतचं तुम्हाला कंजूषपणा वाटेल. मलाही तसंच वाटून घ्यायला आवडतं. कंजूषपणा काय, चारचौघांतही चालून जातो. पण पुढचं –

मागे बसणाऱ्याला मागचं चाक आधी कळतं. पुढच्याच्या हातात हँडल असतं, त्याचं लक्ष समोर असतं. चाक सरकतं ते आपल्या खाली. त्या दिवसांत रस्त्याचं काम चाललं होतं. जागोजागी डांबर उखडून बारीक गिट्टी टाकलेली. एका संध्याकाळी भुरभुर पाऊस होता आणि त्या गिट्टीवर गाडीचं बूड एकदम डावीकडे गेलं. दोघांनीही पाय टेकले म्हणून वाचलो. विलास हसला, "गेलो असतो बे!" म्हणाला. मी हसलो नाही. उरलेला रस्ता मागचा कॅरिअर घट्ट धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीही पाऊस होताच. मी आंघोळ करून, कपडे घालून खिडकीशी उभा होतो. रस्ता ओला, तो टायर, आणि त्याच्यावर मी. घरात पैसे होते. तेव्हाही होते. बाहेर जाऊन मी म्हणू शकलो असतो, चल, आज आधी टायर टाकू, मग कामावर जाऊ. निदान एवढं तरी – गाडी ठेव, आज बसने जाऊ. हे दोन्ही मला सुचलं होतं. सुचलंच नाही असं म्हणायची सोय नाही.

ॲक्सिलेटरचा आवाज आला. मी बायकोला म्हणालो, अंगात कसकस आहे, विलासला सांग मी येत नाही. ती दारात जाऊन तसं बोलली. त्याने बाहेरूनच आवाज दिला –

"पडून राह्य, संज्या! तुह्या सायबाले मी सांगतो."

आणि गेला. मी कपडे बदलले आणि गरम पोहे खाल्ले.

फोन आला तेव्हा मी दुसरा चहा घेत होतो. नाल्याच्या पुलाआधी जो उतार आहे, तिथे पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला. विलासनेही मारला. मागचं चाक सरकलं, गाडी आडवी झाली आणि त्याचा उजवा गुडघा तिच्याखाली आला.

बुलडाण्याला ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो, मोसंबी घेऊन. पायाला पट्ट्या, सलाईन लावलेलं, तोंड उतरलेलं. मला बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बरं झालं तुले ताप आला. मांगं असता तर वहिनीले काय तोंड दाखोलं असतं मी?"

मी काय म्हणालो माहीत आहे? "हो," म्हणालो.

तिथेच मी मंदावहिनीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या हातात पाच हजार ठेवले. भिशीतलेच. ती रडली. तिने गावभर सांगितलं, संजूभाऊंनी सासऱ्याचं ऑपरेशन असतानाही पैसे दिले. माझ्या बायकोच्या कानावर ते आलं तेव्हा मी म्हणालो, मंदावहिनीचा काहीतरी घोळ झालाय. लोक माझ्याकडे बघून मान हलवायचे. मला ते आवडायचं – हेही सांगून टाकतो. आणि पतसंस्थेसमोरच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, असल्या टायरवर माणूस गाडी चालवतोच कसा, तेव्हा मी म्हणालो, मी त्याला कितीदा सांगितलं होतं टायर बदल म्हणून. एकदाही सांगितलं नव्हतं.

त्याचा गुडघा पुरता वाकत नाही. पोती उचलायचं काम गेलं. गाडी त्याने भंगाराच्या भावात दिली. आता घराच्या पुढच्या खोलीत छोटं किराणा दुकान आहे. माल वहिनी आणते, तो गल्ल्यावर बसतो. मी स्वतःची गाडी घेतली. मिस्त्री सांगेल तेव्हा, सांगेल ते सगळं काम करून घेतो. कधी तपासणीला जायचं असलं की विलास माझ्या मागे बसतो, पाय बाहेर काढून, माझ्या खांद्याला धरून. त्याचा हात खांद्यावर असतो तेव्हा बोलावंसं वाटतं. तोंड दिसत नसतं ना. तरी नाही बोललो.

ते पाच हजार त्याने फेडले. मी मागितले नव्हते. पाचशे, कधी तीनशे, दुकानातून सुटतील तसे. शेवटचे त्याने मागच्या पोळ्याला दिले. मी साखर घ्यायला गेलो होतो. तो उठला – उठायला त्याला वेळ लागतो, टेबलाचा कोपरा धरावा लागतो – आणि नोटा माझ्या हातात ठेवून म्हणाला, "झालं बुवा एकदाचं. तुह्ये उपकार मात्र नाही फिटत."

मी नोटा मोजल्या आणि खिशात घातल्या.