आवाज नसलेलं यंत्र

बायकोच्या गळ्यावर शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा आम्ही सुरतेत होतो. गाठ साधी आहे, पण नंतर आवाज बदलू शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती धुळ्याकडची. श्रावणात आमच्या सोसायटीतल्या खानदेशी बायका कानबाई देवी बसवत, आणि तिने सूर धरल्याशिवाय गाण्यांना सुरुवात होत नसे. तो आवाज आहे तसा ठेवून घ्यावा, एवढंच माझ्या मनात आलं.

कॅसेट ऐकून ऐकून झिजते, संगणकात उतरलेला आवाज झिजत नाही, असं मी एका मासिकात वाचलं होतं. मी बँकेतला कारकून. संगणक पाहिलेला, पण उघडून कधी नाही. नवा घेणं शक्यच नव्हतं. कतारगामच्या एका हिरेवाल्याला त्याचा जुना फोर-एट्टी-सिक्स संगणक विकून टाकायचा होता. हे यंत्र गाण्याच्या कामाचं आहे की नाही, ते बघायला आम्ही दोघं गेलो.

मी मनात जुळवून आणलेलं गुजराती वाक्य टाकलं, "आनो अवाज केवो छे?"

"अवाज? जराय नथी, साहेब," तो जरा दुखावून म्हणाला. "कान लगाडीने जुओ."

मी खरंच कान लावला. पंखा अगदी हळू फिरत होता. मग मागे वाकून पाहिलं, तर आवाज आत घेणारं आणि ऐकवणारं साऊंड कार्डच नव्हतं. मी विचारत होतो आवाजाबद्दल, तो सांगत होता घरघरीबद्दल, आणि दोन्ही अर्थांनी त्याचं उत्तर बरोबर होतं. घरघर नसणं तर मला हवंच होतं, नाहीतर ती गाण्यात उतरली असती. चार दिवस वापरून बघा, नाही जमलं तर परत आणा, असं तो म्हणाला. रिक्षात संगणकाचा डबा मांडीवर घेऊन बसलेली बायको म्हणाली, "माणूस खरा आहे हो. आवाज नाही म्हणाला, आणि नाहीच." गाठ असल्याचं कळल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

कार्ड आणून बसवलं. त्यासोबतच्या प्रोग्रॅममध्ये तीन दर्जे होते: टेलिफोन, रेडिओ, सीडी. आधी मी सीडी निवडली. तिने दोन ओळी म्हटल्या, त्या परत ऐकवल्या, तर तिचा श्वाससुद्धा ऐकू आला. मी हरखलो. पण डिस्कवर उरलेली जागा किती झपाट्याने कमी होते, ते पाहिल्यावर लक्षात आलं की असा आवाज जेमतेम काही मिनिटं मावेल. कानबाईचं गाणं लांब असतं. देवीला आणायचं, बसवायचं, जेवू घालायचं, मग निरोप द्यायचा. मी म्हणालो, पहिला भाग तेवढा सुरेख घेऊ.

तिने मान हलवली. "कानबाईनं गानं आर्धं सोडतस नही." माझ्याशी ती एरवी अहिराणीत बोलत नसे. मग नेहमीच्या भाषेत म्हणाली, "देवीला बोलवायचं आणि जेवू न घालताच ठेवायचं का?"

मी टेलिफोनचा दर्जा निवडला; त्यात आवाज दबका येतो, पण जागा फार कमी लागते. पंख्याची उरलीसुरली घरघरही नको म्हणून संगणक स्वयंपाकघरात ठेवला, माइकची लांब तार दाराखालून घेतली, आणि तिने आतल्या खोलीत पूर्ण गाणं म्हटलं, निरोपापर्यंत. यंत्र परत केलं नाही.

शस्त्रक्रियेनंतर आवाज आला, पण खालचा. वरच्या ओळी ती दुसऱ्या बायकांना सोडू लागली. आता तीच नाही. ते गाणं मी प्रत्येक नव्या संगणकात उतरवून घेत आलो आहे. ते खरंच झिजलेलं नाही. तेव्हा जेवढं दबकं होतं, तेवढंच आजही आहे. पूर्वी मी बाहेरच्या खोलीत वाचत बसायचो आणि ती आत गुणगुणत कामं करायची, तेव्हा भिंतीपलीकडून असंच ऐकू यायचं. श्वास ऐकू येत नाही. देवी मात्र जेवून जाते.