राहिलेला जॉइंट

गळती बघायला बायको नव्या सिलिंडरला साबणपाणी लावते, त्या वासासरशी सौदीतल्या कॅम्पची मेस आठवते. मी तिथे पाइपफिटर होतो. एका रात्री मेसच्या टीव्हीवर अंतराळवीर यानात बसलेले, त्यांत दोघं सौदी. अंतराळ स्थानकाकडे निघण्याआधी यानाच्या दारातून हवा गळतेय का, ते तपासणं चाललं होतं. पोरं अरबीत "यल्ला, यल्ला", म्हणजे चला-चला, ओरडत होती.

आमचे फोरमन, रत्नागिरीचे रशीदचाचा हसले. "आपल्यासारखंच साबणपाणी मारतायत बघ!"

मला एकदम आठवलं. त्या दिवशी घाईत एका गॅसलाइनच्या जॉइंटला साबणपाणी न मारताच मी 'गळती नाही' लिहून सही केली होती.

"चाचा, माझा एक जॉइंट राहिलाय."

ते उठले, बादली घेतली. जॉइंटवर फेस मारला आणि एक बुडबुडा हळूहळू फुगत गेला.

यान उडताना पाहायचं राहिलं, म्हणून तेव्हा हळहळलो. आता डोळ्यांसमोर येतो तो बुडबुडा.