आवरलेलं घर

तुमची आई, म्हणजे माझी लेक, हे तुम्हाला वाचून दाखवील. मध्येच काही विचारावंसं वाटलं तर जर्मनमध्ये विचारा, ती मला सांगेल.

तुम्ही लहान होतात तेव्हा मी ड्युसेलडॉर्फला तुमच्याकडे राहत होते. दर बुधवारी तुम्हाला किंडरगार्टनमध्ये सोडलं की मी ट्राम पकडायचे. एका चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत जपानी माणसांसाठी सल्लाकेंद्र चालायचं. सरकारी पत्रं समजावून सांगणं, अर्ज भरणं, एकट्या पडलेल्यांचं ऐकून घेणं. पुण्यात मी पंचवीस वर्षं जपानी यंत्रांच्या माहितीपुस्तिका इंग्रजीत केल्या होत्या, त्या जपानीचा तिथे उपयोग झाला. माझं जर्मन बेताचंच, म्हणून माझ्याकडे सोपं काम दिलं: वयस्कर माणसांच्या घरी जाऊन गप्पा मारायच्या.

माझ्या वाट्याला ब्याऐंशी वर्षांच्या एक जपानी बाई आल्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आणि अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात लुळा. रोज घरी मदतनीस मिळाली तरच त्या स्वतःच्या घरात राहू शकणार होत्या. नाहीतर वृद्धाश्रम, आणि तिथे जपानी बोलणारं कोणी नव्हतं. अशा मदतनिसाचा खर्च देणाऱ्या विम्याकडून एक तपासनीस बाई येऊन घर बघणार आणि ते ठरवणार होत्या.

त्या सकाळी मी दोन तास आधी गेले. घरी कोणी येणार आणि घर आवरायचं नाही, हे मला कसं सुचणार? ओटा घासला, खिडक्या पुसल्या, बाईंचे केस विंचरून अंबाडा घातला, थर्मासमध्ये चहा भरून ठेवला. बाई खूश होत्या.

तपासनीस बाई आल्या. केंद्रातली सल्लागार मुलगी दुभाषी म्हणून बसली.

"स्वयंपाक जमतो?"

"जमतो."

"केस कोण विंचरतं?"

"मीच."

प्रत्येक उत्तराला बाई हसून मान लववत होत्या. सल्लागार मुलीचा चेहरा उतरत चालला होता. मी मात्र माझ्या ओट्याकडे बघत होते.

काही दिवसांनी पत्र आलं. मदतीची गरज दिसत नाही.

संध्याकाळी जेवताना तुमचे बाबा म्हणाले, "आई, तुम्ही त्यांच्याकडेही आवरलंत? आमच्या कपाटांवर भागलं नाही का?" एरवी मी हसले असते. त्या दिवशी मी ताट तसंच उचलून ठेवलं.

सल्लागार मुलीने विडरश्प्रुख, म्हणजे निर्णयाविरुद्ध अर्ज, केला. दुसरी तपासणी ठरली तेव्हा तिने मला बजावलं, "या वेळी कशाला हात लावायचा नाही."

"अगं, पण सिंकमध्ये भांडी असली तर?"

"असू देत."

बाईंना पटवणं त्याहून अवघड गेलं. "परक्या माणसाला असं घर दाखवू?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. "दाखवा," मी म्हणाले खरी, पण तोवर माझाच हात फडक्याकडे गेला होता.

त्या दिवशी सिंक भरलेलं होतं. बाईंच्या स्वेटरची बटणं एक घर चुकून लागली होती. तपासनीस बाईंनी विचारलं, "चहा करून दाखवाल?" बाईंनी डाव्या हाताने किटली उचलली. पाणी ओट्यावर सांडलं, मग फरशीवर. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. बाई फडकं घेऊन वाकायला गेल्या, अर्ध्यात थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही पुसाल का? मला जमत नाही."

सल्लागार मुलीने ते जर्मनमध्ये सांगितलं. तपासनीस बाईंनी लिहून घेतलं. मग मी उठले.

मदतनीस मिळाली. बाई अखेरपर्यंत त्याच घरात राहिल्या. मी बुधवारी जायचे, त्या तांदळाच्या खारट चकत्या काढायच्या आणि आम्ही खिडकीतून ट्राम बघत बसायचो. तिथली भांडी मी पुन्हा विचारल्याशिवाय घासली नाहीत. इथे पुण्यात अजूनही बुधवारी सकाळी त्या चकत्यांची आठवण येते.

दर रविवारी तुमची आई फोनवर विचारते, "सगळं ठीक ना?" मी "एकदम छान" म्हणते. तेही कॅमेऱ्यात दिसेल तेवढी खोली आवरून. खरं म्हणजे दोन महिने झाले, आंघोळीची बादली मला उचलवत नाही.

तुमची आई वाचताना इथे थांबेल. थांबू दे तिला.