तो वड पूजेने मेला नाही

आमच्याकडे जळगाव-धुळ्याच्या बोन्साय करणाऱ्या मंडळींत एक गोष्ट सांगितली जाते. गटात नवा माणूस आला, त्याने हौसेने पहिलं झाड आणि पहिली कुंडी घेतली, की कोणीतरी ती त्याला ऐकवतंच. जळगावात एकाकडे कुंडीतला वड होता, पारंब्यांसकट, बघत राहावं असा. त्याच्या बायकोने वटपौर्णिमेला कॉलनीतल्या बायका गच्चीवर जमवल्या. त्यांनी कुंडीत दूध ओतलं, हळदीकुंकू टाकलं, दोरे गुंडाळून खोड आवळलं, बुडाशी दिवा लावला. वड वाळून गेला. एवढं सांगून झालं की सगळे हसतात, आणि सांगणारा शेवटी बजावतो की झाडांना घरातल्यांचा हात लागू देऊ नये.

तो वड माझा होता. ती बायको माझी आहे. बायका गच्चीवर आल्या होत्या आणि वड वाळला, एवढं सोडलं तर त्या गोष्टीतलं काहीही खरं नाही. आता माझी पंचाहत्तरी उलटली आहे, आणि ही गोष्ट माझ्या मागेही अशीच सांगितली जाईल या विचाराने डोकं तापतं. म्हणून हे लिहितो आहे.

मी कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर होतो. निवृत्तीच्या आधीच बोन्सायचा नाद लागला. हा वड मी शिरपूरकडच्या एका नर्सरीतून आणला तेव्हा तो तेलाच्या डब्यात होता, आणि पारंब्या म्हणजे फांद्यांखाली लोंबणारे चार दोरे. आमच्या उन्हाळ्यातल्या झळांत कोवळी पारंबी जमिनीपर्यंत पोचतच नाही, टोकाशी करपते. बायकोने रसाच्या दुकानातून प्लास्टिकच्या नळ्या आणल्या, त्यांत ओलं शेवाळ भरलं आणि एकेक पारंबी नळीत सोडून खाली मातीपर्यंत नेली. सकाळ-संध्याकाळ ती त्या नळ्या ओल्या करायची. दोन उन्हाळ्यांनंतर नळ्या कापून काढल्या, तेव्हा आत बोटाएवढ्या जाड पारंब्या तयार होत्या. लोक येऊन विचारायचे, पारंब्या कशा धरल्या? मी समजावून सांगायचो. ती चहा आणायची.

पूजेचंही नीट सांगतो. आमच्या कॉलनीच्या आसपास तेव्हा वड नव्हता. बायका बाजारातून फांदी विकत आणायच्या, पुजायच्या आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकायच्या. ते बायकोला आवडत नसे. तिनेच सगळ्यांना गच्चीवर बोलावलं, पण तिचे नियम कडक होते. गिरणा नदीच्या पात्रातला एक चपटा दगड तिने कुंडीशेजारी ठेवला होता. हळदीकुंकू, फूल, जे काय वाहायचं ते त्या दगडावर. पाणी सोडायचं ते तांब्याच्या ताम्हनात. दोरा गुंडाळायचा तो लोखंडी स्टँडच्या पायांना. झाडाला कोणी बोट लावायचं नाही. एक शेजारीण दरवर्षी म्हणायची, "अहो वहिनी, सात जन्म या स्टँडलाच मिळणार." हशा व्हायचा, आणि पाण्याच्या टाकीला वळसा घालून फेऱ्या सुरू व्हायच्या. अशी ती पूजा होती. कितीतरी वर्षं ती अशीच झाली, आणि दरवर्षी वड हिरवागार होता.

मग मी ती कुंडी घेतली.

नाशिकला एका विक्रेत्याकडे दिसली. गडद निळी, चकचकीत झिलईची, पसरट आणि इतकी उथळ की तिच्यात भाकरीचं पीठही मळता आलं नसतं. कुंडी बघितली आणि माझ्या डोळ्यांसमोर तिच्यात वड उभा राहिला. मापबीप काही घेतलं नाही. आम्हा बोन्सायवाल्यांचा हा रोगच आहे. पायाचं माप न घेता आपण कोणाला चप्पल आणत नाही, पण कुंडी आवडली की झाड तिच्यात बसवतो. पर्यावरण दिनाला आमच्या गटाचं प्रदर्शन होतं. मला वड त्याच कुंडीत मांडायचा होता.

मे महिना संपत आला होता. ज्या दिवसांत जळगावची माणसं दुपारी दाराबाहेर पाय टाकत नाहीत, त्या दिवसांत मी वडाची मुळं उघडी केली. बायको म्हणाली, पाऊस पडू द्या, मग हलवा. मी ऐकलं नाही. कुंडी उथळ, मुळं खोल. मी ती छाटली. जाड मुळं कापताना करवत लागली. एवढं करून फोटो चांगला यावा म्हणून उन्हासाठी वर बांधलेली हिरवी जाळीही काढली. दुपारी त्या निळ्या कुंडीच्या काठाला हात लावला तर चटका बसला. आत माती किती तापली असेल, हे जिनिंगमध्ये आयुष्यभर यंत्रांचं तापमान बघणाऱ्या माणसाला कळू नये?

कळलं होतं. प्रदर्शनाच्या सकाळी पानं निस्तेज दिसत होती, तेव्हा मी ती एकेक करून खोबरेल तेलाने पुसली. पानं चमकली. लोकांनी वडाशेजारी उभं राहून फोटो काढले. पहिला क्रमांक मिळाला, आणि जो तो कुंडीचं कौतुक करून गेला.

पुढच्याच आठवड्यात वटपौर्णिमा आली. त्या सकाळी बायकोने गच्ची झाडली, ती गळलेली पिवळी पानं बायकांना दिसू नयेत म्हणून. माझी शोभा होऊ नये म्हणून. पूजा नेहमीसारखी दगडावर झाली. नंतर वडाने उरलेली पानंही टाकली. फांदी नखाने खरवडली तर आत हिरवं काही नाही, सगळं तपकिरी.

गटाच्या बैठकीत कोणीतरी विचारलं, वडाला काय झालं? मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात दुसरा म्हणाला, "परवा वटपौर्णिमा होती ना? मग काय." सगळे हसले. मीही हसलो. एवढंच केलं असतं तर ते नुसतं गप्प बसणं ठरलं असतं. पण महिन्याभराने कोणी नवा माणूस आला, त्याने विचारलं, आणि तेव्हा मी स्वतः ती गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली. तिच्यात दिवा नंतर कोणीतरी लावला असेल. दोरे कोणी गुंडाळले मला माहीत नाही. दूध मात्र माझं.

मला राग येतो तो स्वतःचा, हे तर झालंच. पण त्या शहाण्या मंडळींचाही येतो. मातीचे प्रकार तोंडपाठ असलेली ही माणसं. सरकीची पेंड किती दिवस कुजवावी यावर तास तास भांडणारी. नवी कुंडी सगळ्यांनी पाहिली होती, तिची वाहवा केली होती. ऐन उन्हाळ्यात हा वड या कुंडीत आला कसा, असं एकानेही विचारलं नाही. बायकांनी दूध ओतून झाड मारलं म्हटल्यावर त्यांना पुढे काही विचारायची गरजच वाटली नाही. ऐकायला सोयीचं होतं. माझ्यासारख्या प्रत्येकाच्या घरी एक मेलेलं झाड असतं आणि एक बायको असते.

गोष्ट कॉलनीत पोचायला वेळ लागला नाही, आणि तिथे ती विनोदी राहिली नाही. वटपौर्णिमेला पुजलेला वड लगेच वाळला, याचा बायकांनी लावायचा तो अर्थ लावला. त्याच हिवाळ्यात माझ्या छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली. मला बघायला धुळ्याहून माझी थोरली बहीण आली. दवाखान्यातल्या खाटेशी बसून, बायको ऐकत असताना ती आमच्या अहिराणीत म्हणाली, "तिना हातनी पूजा अन् वड वाळी गया. आते भाऊना जीववर उनं." मी जागा होतो. डोळे मिटून पडून राहिलो. दोन वाक्यांचं काम होतं. मुळं मी कापली, अक्का. हिने काही केलं नाही. तेवढी दोन वाक्यं मी बोललो नाही. बहीण आता नाही. ती तसंच समजून गेली.

त्यानंतर आमच्या गच्चीवर कोणी आलं नाही. शेजारी नवी सून आली, तिची पहिली वटपौर्णिमा होती. सासू तिला घेऊन आमच्या दारावरून लांबच्या देवळातल्या वडाकडे गेली. बायकोही तिथेच जाते. गर्दी ओसरल्यावर, सगळ्यांच्या मागून. गच्चीवर ती कपडे वाळत घालायला येते. झाडांच्या बाजूला येत नाही. तो चपटा दगड तिने खाली नेला. तो लोणच्याच्या बरणीवर असतो.

गेल्या महिन्यात एका साखरपुड्याला आम्ही दोघं धुळ्याला गेलो होतो. परत येताना महामार्गावर एक नवी नर्सरी दिसली. मी गाडी थांबवायला सांगितली. एवढ्या वर्षांत मी पुन्हा वड घेतला नव्हता, आणि तिथे एक छान वड होता. बायको गाडीतून उतरली याचंच मला नवल वाटलं. ती सरळ कुंड्यांकडे गेली.

नर्सरीवाला चाळिशीतला, गोड बोलणारा. मला म्हणाला, "आबा, घरात पूजाबिजा चालते का? मग वड नका नेऊ. दुसरं काही दाखवतो." आणि त्याने ती गोष्ट सुरू केली. जळगावात एक माणूस होता म्हणे. मी त्याला थांबवायला हवं होतं. मी एका फांदीचं पान चोळत उभा राहिलो. दूध आलं, कुंकू आलं, दोरे आले.

बायको एक साधी मातीची खोलगट कुंडी हातात घेऊन बोटाने वाजवून बघत होती. तिने विचारलं, "दूध किती ओतलं होतं?"

"चांगलं लिटरभर असेल, अक्का."

"आणि नवरा कुठे होता तेव्हा?"

"नवरा बिचारा गावाला गेलेला."

"बिचारा," ती म्हणाली, आणि कुंडी उलटी करून बुडाची भोकं तपासली. "ही द्या."

वड आणि कुंडी गाडीत चढली. पारोळा येईपर्यंत मी त्या माणसाला शिव्या घालत होतो. न पाहिलेल्या बाईची अशी टिंगल करतो, ओळख ना पाळख, जीभ कशी झडत नाही, असं बरंच. बायको खिडकीबाहेर बघत होती. मी दमलो तेव्हा म्हणाली, "त्याच्यावर कशाला तापता? त्याने काय पाहिलं होतं. ज्याने पाहिलं, तो आत्ताही पान चोळत उभा होता."

मी ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. तो वैतागला, पण त्याने वळवली.

नर्सरीवाल्यासमोर उभा राहून मी सगळं सांगितलं. तो माणूस मीच. मुळं मी कापली, मे महिन्यात. कुंडी उथळ होती. दुधाचा थेंबही कोणी ओतला नव्हता. पूजा दगडाची व्हायची. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग गाडीत बसलेल्या बायकोकडे बघितलं आणि हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राहू द्या आबा. मला माहीत नव्हतं, नाहीतर अक्कांसमोर बोललो नसतो. तुमच्यासारखा नवरा मिळायला नशीब लागतं."

मी भांडलो. आवाज चढला. जितका भांडलो, तितकी त्याची खात्री पटत गेली, की मी बायकोचा दोष स्वतःवर घेतो आहे. जळगावला आल्यावर गटातल्या दोघांना फोन केला. त्यांनीही तेच केलं. एक म्हणाला, या वयात वहिनींना सांभाळून घेताय, बरं वाटलं. मी सांगितलेलं खोटं इतकं मजबूत निघालं, की माझं खरं त्याच्यापुढे बायकोवरचं प्रेम ठरलं. माझी चांगुलपणाची कीर्ती तेवढी वाढली. याचा इतका संताप आला की रात्रीचं जेवण गेलं नाही.

म्हणून हे लिहून काढलं. गटाच्या अंकात छापायला देणार आहे, आणि नाही छापलं तर कॉलनीतल्या प्रत्येक दारात नेऊन वाचणार आहे, पहिल्यांदा त्या सासूच्या.

वड अजून नर्सरीच्या पिशवीत, जाळीखाली आहे. खोलगट कुंडी शेजारी रिकामी ठेवली आहे. तो कधी हलवायचा हे बायको ठरवेल. दगड बरणीवरच आहे. मी विचारलं नाही, विचारायचा हक्क मला नाही.

काल हे सगळं तिला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. मध्ये कुठे थांबली नाही. संपल्यावर म्हणाली, "एक चुकलंय."

मी चष्मा काढला.

"पाऊस पडू द्या, मग हलवा, असं मी म्हटलं नव्हतं. तुम्ही करवत घेतली तेव्हा मी म्हणाले होते, मरेल तो."

मला आठवलं. तिने तसंच म्हटलं होतं, माझ्या हाताकडे बघून, आणि मी म्हणालो होतो, तुला काय कळतं. हे सगळं लिहितानाही मी तिचं वाक्य मऊ करून टाकलं होतं आणि माझं गाळलं होतं. वर खोडाखोड केलेली नाही. वाचणाऱ्याने तिथे तिचं म्हणणं असं वाचावं: मरेल तो. आणि त्यापुढे माझं.